बुलडोझर येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मोकळ्या जागेवर वसाहत, शाळा किंवा कारखाना उभा करायचं ठरलं, की चर्चा इमारतीपासून सुरू होते. मजले किती, खोल्या किती, गाड्या कुठे लावायच्या. पर्यावरणाचा विचार झालाच तर छतावर सौर पॅनेल येतात, दिवे कमी विजेचे बसतात. हे सगळं करायलाच हवं. पण जमिनीचं सर्वांत मोठं नुकसान त्याच्या पुष्कळ आधी होऊन गेलेलं असतं. बुलडोझर आत शिरतो, झाडोरा साफ करतो, उंचवटे कापून खोलगट भाग बुजवतो, आणि काही दिवसांत जागा सपाट होते. त्यानंतर वास्तुविशारद कितीही कुशल असला, तरी मोडलेलं पुन्हा जोडणं त्याच्या हातात उरत नाही. आज मी बोलणार आहे ते त्या सपाटीकरणाच्या आधी करायच्या कामाबद्दल.

पाण्यापासून सुरुवात करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ते होतं एक लिटर पाणी. या हिशेबानं एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर अडीच लाख लिटर! गवत, झाडं आणि भुसभुशीत माती शाबूत असली, तर यातलं जेमतेम दहा टक्के पाणी पृष्ठभागावरून वाहून जातं. बाकीचं मुरतं किंवा वाफ होऊन हवेत जातं. तीच जागा पाऊण भागाहून जास्त छपरांनी आणि डांबरानं झाकली, की निम्म्याहून अधिक पाणी वाहून जातं, आणि तेही एकदम. खालचा ओढा पावसात काठ तोडत धावतो आणि पावसाळा सरला की आटतो, कारण त्याला वर्षभर हळूहळू मिळणारा पाझरच तुटलेला असतो.

मातीकडे तर याहूनही कमी लक्ष जातं, आणि मला याची सर्वांत जास्त काळजी वाटते. वरचा वीतभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्यात बुरशी, गांडुळं, मुळ्या, आणि त्यांच्यामधल्या असंख्य बारीक पोकळ्या असतात. पाणी मुरतं ते याच पोकळ्यांमधून. ओल्या मातीवरून अवजड गाड्या काही फेऱ्या फिरल्या, की या पोकळ्या दबून जातात. वरून हिरवळ लावली तरी खालचा घट्ट थर पाणी जवळजवळ फरशीसारखंच ढकलून देतो. म्हणून कामाच्या गाड्यांची वाट पहिल्या दिवशीच आखून घ्यायची, आणि ती पुढे जिथे पक्का रस्ता होणार आहे तिथूनच न्यायची. वरची माती आधी वेगळी काढायची, कमी उंचीचे ढीग करून त्यावर गवत पेरायचं, आणि काम संपताच पुन्हा पसरायची. मुरूम आणि राडारोडा तिच्यात मिसळू द्यायचा नाही.

झाडांच्या बाबतीतही तोच घोळ. खोडाला धक्का लागला नाही म्हणजे झाड वाचलं, असा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेल्या असतात. त्यांच्यावर भराव टाकला किंवा सिमेंटच्या गोण्यांची थप्पी रचली, तर झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं, तेव्हा कंत्राटदार कधीच निघून गेलेला असतो. किमान फांद्यांच्या घेराएवढं कुंपण, तेही काम सुरू होण्याआधी, एवढं तरी हवंच.

मग आराखडा कसा करायचा? इयान मॅकहार्ग या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या भूदृश्य-रचनाकारानं १९६०च्या दशकात एक सोपी रीत रूढ केली. उतार, मातीचे प्रकार, पुराची रेषा, झाडी, प्रत्येकाचा वेगळा पारदर्शक नकाशा करायचा आणि ते एकावर एक ठेवायचे. जिथे कुठलीच अडचण दिसत नाही, तिथे बांधायचं. आज हे काम संगणकावर होतं, पण क्रम तोच आहे. मी त्यात एकाच गोष्टीची भर घालीन. जोरदार पाऊस सुरू असताना त्या जागेवर चालून या. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, हे नकाशावरच्या समोच्च रेषांपेक्षा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांपेक्षा, तिथे लवकर कळतं.

हे करून पाहिलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात १९७०च्या दशकात मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट यांनी ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत वसवली. रस्ते अरुंद ठेवले आणि पावसाचं पाणी भूमिगत नळांऐवजी गवताळ उथळ चरांतून नेलं. यंत्रणेला हा प्रकार धोक्याचा वाटत होता, पण चरांनी काम चोख केलं. सिएटलमध्ये २००१ साली एका जुन्या रस्त्याची रुंदी १४ फुटांवर आणून दोन्ही बाजूंना झाडाझुडपांचे चर केले, आणि नंतरच्या मोजमापात त्या रस्त्यावरून बाहेर जाणारं पाणी जवळजवळ थांबल्याचं दिसलं. सिंगापूरनं बिशान उद्यानातला २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीट कालवा फोडून २०१२पर्यंत ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली. हे उदाहरण मला आवडतं, पण ती दुरुस्ती होती. मुळातला प्रवाह राखणं तिच्याहून पुष्कळ स्वस्त पडतं.

एक आक्षेप नेहमी येतो. एवढी जागा मोकळी सोडली तर घरं कमी होतील. तसं होण्याची गरज नसते. तेवढीच घरं निम्म्या जागेत एकमेकांच्या जवळ बांधली, तर रस्ते, नळ आणि तारा यांची लांबी घटते आणि उरलेली जमीन अखंड राहते. घरागणिक कुंपण घालून केलेल्या तुकड्यांपेक्षा असा सलग पट्टा पाण्याला आणि पाखरांना कितीतरी उपयोगी पडतो. मात्र हे चर सगळीकडे चालत नाहीत. जुन्या कारखान्याच्या दूषित जमिनीत पाणी मुरवलं, तर विष भूजलात उतरतं. माती घसरणाऱ्या उतारावर किंवा इमारतीच्या पायाला लागूनही ते करू नये. तिथे पाणी सुरक्षित जागी वळवून नेणंच बरं.

आणि देखभाल. पाणी झिरपू देणाऱ्या फरशीच्या फटी गाळानं बुजतात, चरात पालापाचोळा अडकतो. गाळ कोण काढणार, खर्च कुठून होणार, हे वसाहतीच्या करारातच लिहून ठेवा. नाहीतर काही वर्षांनी कुणीतरी तो चर म्हणजे निरुपयोगी खड्डा समजून बुजवून टाकतं.

नमस्कार.