एका गुणाची किंमत: मेलबर्न, 1897

[दृश्य: 1890 च्या दशकातील मेलबर्नचा नकाशा. यारा नदी, रेल्वेमार्ग आणि उपनगरांतील क्रिकेटची मैदाने एकेक करून ठळक होतात. नैर्ऋत्येला, समुद्राच्या काठाने पुढे, जीलाँग.]

शनिवार, 8 मे 1897. ऑस्ट्रेलिया हे एकसंध राष्ट्र म्हणून जन्माला यायला अजून जवळजवळ चार वर्षे बाकी होती आणि व्हिक्टोरिया ही ब्रिटिश साम्राज्यातील एक वसाहत होती. त्या दुपारी या वसाहतीत फुटबॉलच्या एका नव्या स्पर्धेचे पहिले चार सामने झाले. ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर फिट्झरॉयने कार्लटनला 49 विरुद्ध 16 असे हरवले. व्हिक्टोरिया पार्कवर कॉलिंगवूडने सेंट किल्डावर 41 विरुद्ध 16 अशी मात केली. जीलाँगच्या कोरिओ ओव्हलवर पाहुण्या एसेंडनने यजमानांना 47 विरुद्ध 24 असे नमवले आणि आल्बर्ट पार्कच्या तलावालगतच्या लेक ओव्हलवर मेलबर्नने साउथ मेलबर्नचा 44 विरुद्ध 20 असा पराभव केला. या स्पर्धेचे नाव होते व्हिक्टोरियन फुटबॉल लीग. आज ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणून जी स्पर्धा ओळखली जाते, तिचा इतिहास याच दुपारपासून मोजला जातो.

आठ संघांनी मिळून त्या दिवशी 33 गोल केले. आजच्या काळात दोन बरे संघ एकाच सामन्यात जवळपास तेवढे गोल करू शकतात. त्यामुळे हा हंगाम केवळ धावफलकावरून पाहणाऱ्याला तो काहीसा रुक्ष वाटेल, आणि त्यात फारसे चूक नाही. मात्र त्या वर्षी घेतलेले काही निर्णय या खेळाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पुरले आहेत. त्यांच्या मुळाशी खेळाचे प्रेम जितके होते, तितकाच तिकीट खिडकीवरच्या पैशांचा हिशेबही होता.

[दृश्य: अंडाकृती मैदानाची आकृती. दोन्ही टोकांना चार-चार खांब.]

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. हा फुटबॉल चौकोनी मैदानावर नव्हे, तर क्रिकेटच्या मैदानावर खेळला जातो, कारण त्याचा जन्मच क्रिकेटपटूंच्या घरात झाला. क्रिकेटपटू टॉम विल्स यांनी हिवाळ्यात खेळाडूंचे अंग चपळ राहावे म्हणून फुटबॉलचा क्लब काढण्याची सूचना 1858 मध्ये जाहीरपणे केली आणि पुढच्या वर्षी, मे 1859 मध्ये, मेलबर्न क्लबने आपले नियम लिहून काढले. चेंडू लांबट असतो. तो लाथेने मारता येतो, मुठीने ठोसून साथीदाराकडे देता येतो आणि हातात घेऊन धावताही येते. मात्र धावताना ठरावीक अंतरावर तो जमिनीवर आपटावा लागतो. साथीदाराने मारलेला चेंडू हवेतच झेलला, तर झेलणाऱ्याला अडथळ्याविना चेंडू मारण्याची संधी मिळते. या झेलाला मार्क म्हणतात. ऑफसाइडचा नियम या खेळात नाही.

मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला की गोल होतो. चेंडू बाजूच्या खांबांच्या दरम्यान गेला, तर त्याला बिहाइंड म्हणतात. 1896 पर्यंत व्हिक्टोरियातील वर्तमानपत्रे बिहाइंडची नोंद छापत असत, पण सामन्याचा निकाल लागे तो फक्त गोलांवर. मुळातच गोल थोडे होत असल्यामुळे बरोबरीत सुटणाऱ्या सामन्यांना तोटा नव्हता. नव्या लीगने 1897 पासून गोलाला सहा गुण आणि बिहाइंडला एक गुण दिला. थोडक्यात हुकलेल्या प्रयत्नालाही काही मोल मिळाले, आणि ते प्रमाण आजतागायत तसेच आहे. त्याच वर्षी अगदी जवळून, नावापुरत्या टोलवलेल्या चेंडूवर मिळणारा मार्कही बंद झाला. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात असे मार्क घेत पुढे सरकण्याची जी कंटाळवाणी पद्धत रूढ झाली होती, तिला त्यामुळे आळा बसला.

[दृश्य: स्वॉन्स्टन स्ट्रीट. तारखेची पाटी: 2 ऑक्टोबर 1896.]

ही लीग जन्माला आली ती एका फुटीतून. व्हिक्टोरियातील फुटबॉलचा कारभार 1877 पासून व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन पाहत होती. 1896 मध्ये असोसिएशनच्या वरिष्ठ स्पर्धेत तेरा क्लब होते आणि प्रत्येकाचे मत सारखेच मोजले जाई. तंट्याचे मूळ इथेच होते. कॉलिंगवूड, एसेंडन, जीलाँग अशा संघांच्या सामन्यांना हजारो लोक पैसे मोजून येत, तर काही क्लबांच्या मैदानांवर दारावरची जमा खर्चालाही पुरत नसे. बैठकीत मात्र तेच क्लब बहुमताने बलिष्ठांना अडवू शकत होते. त्यात काळही वाईट होता. 1880 च्या दशकात मेलबर्नमध्ये जमिनींच्या भावांना आलेले उधाण ओसरले होते, 1893 मध्ये एकामागून एक बँकांनी दारे बंद केली होती आणि शहर मंदीतून अजून पुरते सावरलेले नव्हते. अशा दिवसांत दारावर जमा होणाऱ्या प्रत्येक शिलिंगाला महत्त्व होते.

भर पडली ती दंगलीची. जुलै 1896 मध्ये नॉर्थ मेलबर्नच्या मैदानावर कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्यानंतर संतप्त जमावाने पंचावर हल्ला केला. वेगळे होण्याचा विचार बलिष्ठ क्लबांच्या मनात आधीपासून घोळत होता. आता त्यांच्या हाती एक सोयीचे कारण आले. 2 ऑक्टोबरच्या शुक्रवारी त्यांच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय, जीलाँग, मेलबर्न व साउथ मेलबर्न या सहा क्लबांनी असोसिएशन सोडण्याचे ठरवले. दुसऱ्याच दिवशी यांपैकी दोन क्लब, कॉलिंगवूड आणि साउथ मेलबर्न, असोसिएशनचे विजेतेपद ठरवण्यासाठी आमनेसामने आले, कारण हंगामाअखेर दोघांचे गुण समान झाले होते. कॉलिंगवूडने सहा विरुद्ध पाच गोलांनी बाजी मारली. ज्या संस्थेशी काडीमोड घेण्याचा निर्णय आदल्या रात्री झाला, तिचेच विजेतेपद दुसऱ्या दिवशी मिरवण्याचा हा योग मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे.

सहा क्लबांनी आणखी दोघांना आमंत्रण दिले: कार्लटन आणि सेंट किल्डा. दोन्ही संघ त्या काळात दुबळे होते. कार्लटनच्या पाठीशी जुना लौकिक आणि मोठा चाहतावर्ग होता. सेंट किल्डाकडे जंक्शन ओव्हलसारखे सोयीच्या जागी असलेले चांगले मैदान होते. नॉर्थ मेलबर्न, पोर्ट मेलबर्न, फुटस्क्रे, रिचमंड आणि विल्यम्सटाउन बाहेर राहिले. खेळातील गुणवत्ता ही या निवडीची एकमेव कसोटी नव्हती, हे पुढच्या तीन वर्षांच्या निकालांनी उघड केले. रिचमंडला लीगचे दार 1908 मध्ये उघडले. नॉर्थ मेलबर्न आणि फुटस्क्रे यांना 1925 पर्यंत थांबावे लागले. पोर्ट मेलबर्न आणि विल्यम्सटाउन यांच्यासाठी ते कधीच उघडले नाही.

लीगचे पहिले अध्यक्ष झाले एसेंडनचे अलेक्झांडर मॅक्रॅकन आणि चिटणीस झाले कॉलिंगवूडचे ई. एल. विल्सन. मॅक्रॅकन 1915 पर्यंत आणि विल्सन तर 1929 पर्यंत पदावर राहिले. बंडखोरांची संस्था इतक्या लवकर स्थिरावली, याचे बरेचसे श्रेय या दोघांच्या चिवट कारभाराला द्यायला हवे.

[दृश्य: प्रिन्सेस पार्क.]

हंगामाची रचना साधी होती. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचे, म्हणजे एकूण चौदा फेऱ्या. विजयाला चार गुण आणि बरोबरीला दोन. प्रत्येक बाजूला वीस खेळाडू असत; ही संख्या 1899 मध्ये अठरावर आली. राखीव खेळाडू मैदानात उतरवण्याची सोय नव्हती, त्यामुळे कोणी जायबंदी झाला तर उरलेल्यांनी निभावून नेणे भाग होते. एसेंडनचे कर्णधार होते जॉर्ज स्टकी. त्या पिढीतील सर्वांत धडाकेबाज गोलवीर आल्बर्ट थरगुड हा एसेंडनचाच, पण तो वेस्टर्न ऑस्ट्रेलियात गेलेला असल्यामुळे या हंगामात नव्हता. सर्वाधिक गोल केले ते जीलाँगच्या एडी जेम्सने, आणि तेही तीसच्या आतच.

कार्लटनला तर हंगामाच्या सुरुवातीला स्वतःचे मैदानच नव्हते. प्रिन्सेस पार्कवर त्यांचा पहिला सामना कॉलिंगवूडविरुद्ध झाला, तो मंगळवारी, 22 जून 1897 रोजी. आठवड्याच्या मधल्या वारी सामना होण्याचे कारण म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, जो त्या दिवशी साऱ्या साम्राज्यात साजरा होत होता. मराठी प्रेक्षकांना ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ असते. त्याच रात्री पुण्यात, गणेशखिंडीच्या राजभवनातील हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. एकाच राणीचा उत्सव एका वसाहतीत सुट्टीचा दिवस ठरला, तर दुसरीकडे सूडाचा.

चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा जीलाँग, एसेंडन, मेलबर्न आणि कॉलिंगवूड हे चार संघ वर होते. असोसिएशनच्या काळात गुणतक्त्यात पहिला आलेला संघच विजेता ठरत असे. त्यामुळे एखादा संघ फार पुढे निघून गेला, की उरलेल्या हंगामातील रस संपे आणि गर्दीही ओसरत असे. याउलट, कॉलिंगवूड आणि साउथ मेलबर्न यांच्या निर्णायक लढतीने अखेरचा सामना किती लोक खेचू शकतो हे दाखवून दिले होते. म्हणून लीगने ठरवले की पहिल्या चार संघांनी पुन्हा आपापसांत खेळावे. प्रत्येकाला तीन सामने; जो सर्वाधिक जिंकेल तो विजेता. गुणतक्त्यात अव्वल आलेल्या जीलाँगला या व्यवस्थेत कोणतीही सवलत नव्हती, आणि जीलाँगकरांना ती जाचक वाटली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

[दृश्य: लेक ओव्हल. पडद्यावर फक्त दोन ओळी: एसेंडन 1.8 (14), मेलबर्न 0.8 (8).]

शनिवार, 4 सप्टेंबर 1897. एसेंडनने जीलाँग आणि कॉलिंगवूड यांना आधीच हरवले होते. आता गाठ मेलबर्नशी होती. हा अंतिम सामना नव्हता, कारण अंतिम सामना अशी तरतूदच त्या वर्षी नव्हती. एसेंडन जिंकले तर विजेतेपद तिथेच निश्चित होणार होते. पडद्यावरचे आकडे नीट पाहावेत. या खेळाच्या धावफलकावर आधी गोल, मग बिहाइंड आणि कंसात एकूण गुण लिहिण्याची रीत आहे. दोन्ही संघांनी आठ-आठ बिहाइंड केले, म्हणजे नव्याने मान्य झालेले ते गुण परस्परांना पुरते छेदून गेले. उरला तो फक्त एक गोल. चाळीस खेळाडूंनी, चार सत्रांत, सतरा वेळा चेंडू खांबांपर्यंत पोहोचवला आणि त्यांतला एकच मधल्या दोन उंच खांबांतून गेला. 14 ही लीगच्या इतिहासातील आजवरची सर्वांत कमी विजयी गुणसंख्या आहे. जुन्या हिशेबाने पाहिले असते, तर निकाल एक विरुद्ध शून्य असाच लागला असता. पहिल्या दिवशीच्या चारही सामन्यांबद्दलही हेच म्हणता येते: जिथे गुण जास्त, तिथे गोलही जास्तच होते.

तिन्ही सामने जिंकून एसेंडन पहिले विजेते ठरले. तो दिवस एका निर्णायक लढतीने संपला, हा योगायोग होता. व्यवस्थेत त्याची हमी नव्हती. पुढच्याच वर्षी लीगने पद्धत बदलली आणि 24 सप्टेंबर 1898 रोजी जंक्शन ओव्हलवर पहिली ग्रँड फायनल झाली. तिथे फिट्झरॉयने एसेंडनला 38 विरुद्ध 23 असे हरवले. आदल्या हंगामात हेच फिट्झरॉय पहिल्या चारांच्या जवळपासही नव्हते.

[दृश्य: जंक्शन ओव्हल.]

आणि सेंट किल्डा? चौदा सामने, चौदा पराभव. 1898 मध्येही एकही विजय नाही आणि 1899 मध्येही नाही. लीगमधले पहिले 48 सामने हा संघ ओळीने हरला. मे 1900 मध्ये, नव्या हंगामाच्या पहिल्याच फेरीत, मेलबर्नविरुद्धचा त्यांचा सामना बरोबरीत सुटला. सत्र संपल्याची घंटा वाजून गेल्यावर झालेला एक बिहाइंड मेलबर्नच्या नावे धरला गेला आहे, अशी तक्रार सेंट किल्डाने केली. लीगने ती मान्य केली, तो गुण रद्द झाला आणि सेंट किल्डाला पहिला विजय मिळाला, एका गुणाने.

सेंट किल्डाने आजवर एकदाच विजेतेपद मिळवले आहे, 1966 मध्ये. ग्रँड फायनलमध्ये प्रतिस्पर्धी कॉलिंगवूड होते आणि दोन्ही संघांचे गोल दहा-दहा होते. 1896 च्या नियमांनी तो सामना बरोबरीत सुटला असता. अखेरच्या क्षणांत सेंट किल्डाच्या बॅरी ब्रीनने मारलेला चेंडू वेडावाकडा उसळत बाजूच्या खांबांमधून गेला आणि धावफलकावर 74 विरुद्ध 73 असे आकडे लागले.