जीभ जड नाही

(दृश्य: रुग्णालयातली छोटी खोली. सतरंजीवर आई, मुलगा आणि बोलण्यावर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ताई. मध्ये साबणाच्या पाण्याची बाटली.)

ताईंनी फुंकर मारली. खोलीभर फुगे झाले. मग त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि गप्प बसल्या.

साडेतीन वर्षांचा हा मुलगा आधी बाटलीकडे बघतो, मग ताईंच्या तोंडाकडे. एक सेकंद. दोन. तीन. आईच्या ओठांवर शब्द आलाय, पण तिला आज तो गिळायला सांगितलंय.

खानदेशातलं हे कुटुंब. आजीचं म्हणणं, पोराची जीभ जड आहे. बापही उशिराच बोलला होता. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. माया होतीच त्यात. पण दीड वर्ष वाट बघण्यात गेलं.

(दृश्य: अंगणवाडी. मुलांची तपासणी.)

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत येतं आणि विकासात मागे पडणारी मुलं हेरतं. या मुलाला त्यांनीच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवलं. तिथे आधी जीभ नाही, कान तपासला. घरचे म्हणाले, ऐकतो की, दार आपटलं तर वळतो! पण दाराचा आवाज ऐकणारं मूल ‘स’ किंवा ‘फ’ ऐकेलच असं नाही. जे नीट कानावर पडलं नाही, ते तोंडून कसं येणार? म्हणून बोलण्याची तक्रार असलेल्या प्रत्येक मुलाचे कान तपासायलाच हवेत. ही तपासणी दुखत नाही. काही चाचण्या तर मूल झोपलेलं असतानाच होतात.

याचे कान चांगले निघाले.

मग अडलं कुठे? मोबाइल दिला की हा इंग्रजी रंगांची नावं ओळीनं म्हणायचा. घरच्यांना त्याचं कौतुक. तहान लागली की मात्र आईचा हात धरून माठापाशी न्यायचा. शब्द होते, पण ते कुणाकडे काही मागण्यासाठी, कुणाला काही दाखवण्यासाठी असतात, हे त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. चंद्राकडे बोट दाखवून आईकडे वळून बघणं, हे बोलण्याच्या आधीचं बोलणं. तेही कमीच होतं.

साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांचं मूल ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडतं. तीन वर्षांचं मूल रस्त्याला ‘लस्ता’ म्हणालं तर घाबरू नका, ‘र’ आणि ‘ळ’ उशिराच येतात. पण दोन वर्षांपर्यंत शब्द जुळत नसतील, तर थांबू नका. आणि आलेले शब्द गळून पडले, तर त्याच आठवड्यात दाखवा.

(दृश्य: घर. आजी भाकरी थापतेय, नातू शेजारी.)

आईला एक भीती होती. घरात अहिराणी, अंगणवाडीत मराठी, म्हणून गोंधळला असेल का? ताईंनी ठाम सांगितलं, दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. आजीनं आपल्याच बोलीत बोलावं. ‘काय शे?’ (काय आहे?) विचारावं आणि थांबावं.

आठवड्यातून एकदा पाऊण तास ताई भेटणार. बाकीचे दिवस घरचेच. भाकरी थापताना, अंघोळ घालताना, शेळीला चारा टाकताना. डबा अर्धाच उघडायचा. केळ्याचा एकच तुकडा द्यायचा. आणि थांबायचं. आजीला हे सगळ्यात अवघड जातं. नातवानं नुसतं बघितलं तरी तिला कळतं, आणि ती देऊन टाकते.

काही मुलांना शब्द फार उशिरा येतात, काहींना येतच नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते असतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं अ‍ॅप चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, असं पालकांना वाटतं. तसं होत नाही. मनातलं सांगता आलं की चिडचिड कमी होते आणि ज्यांना शब्द येणार असतात, त्यांचे येतातच.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. बंद बाटली.)

चार सेकंद. पाच. मुलगा हात पुढे करतो. ताई हलत नाहीत. तो आईकडे बघतो, पुन्हा ताईंकडे. ओठ हलतात.

‘दे.’

ताई लगेच झाकण उघडतात. आईनं पदर तोंडाला लावलाय. फुगे वर जातायत.