कोणते ‘रिव्हॉल्वर’?

मित्रहो, आजच्या व्याख्यानासाठी मी एकच आल्बम निवडला आहे, तो म्हणजे बीटल्स या इंग्लिश बँडचा ‘रिव्हॉल्वर’. ५ ऑगस्ट १९६६ रोजी तो इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. गेली काही वर्षे मी तो निरनिराळ्या आवृत्त्यांमधून पुन्हा ऐकतो आहे, आणि इतक्या काळानंतर ज्याला आपण ‘तोच आल्बम’ म्हणतो तो नेमका कोणता, हा प्रश्न मला सोडत नाही.

इंग्लंडच्या तबकडीवर १४ गाणी होती. अमेरिकेतल्या तबकडीवर ११च आली, कारण बीटल्सपैकी जॉन लेननची तीन गाणी तिथल्या कंपनीने आधीच दुसऱ्या तबकडीत वापरून टाकली होती. त्यामुळे अमेरिकेतल्या श्रोत्यांच्या एका पिढीने लेननचा वाटा बराच कमी असलेला ‘रिव्हॉल्वर’ ऐकला. याहून खोल फरक मोनो, म्हणजे सगळा ध्वनी एकाच वाटेने येणारा, आणि स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंत विभागलेला, यांच्यातला आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत मोनो यंत्रेच असत, म्हणून निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आणि स्वतः बीटल्सनी अधिक लक्ष मोनो मिश्रणाकडे, म्हणजे सगळे ध्वनी एकत्र तोलून केलेल्या अंतिम रूपाकडे, दिले. ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या, म्हणजे ध्वनीच्या चार समांतर पट्ट्यांच्या, फितीवर होई, एकेका ट्रॅकवर अनेक वाद्ये दाटीने बसवावी लागत, आणि स्टिरिओ करताना तो अख्खा ट्रॅक एका बाजूला ठेवण्यावाचून फारसा पर्याय उरत नसे. ‘टॅक्समन’ स्टिरिओत हेडफोनवर ऐकले की ड्रम, बास आणि गिटार एकाच कानाशी गोळा झालेले जाणवतात. ‘आय’म ओन्ली स्लीपिंग’मधले उलट्या फितीचे, म्हणजे मुद्रित फीत उलटी वाजवून मिळवलेले, गिटार तर दोन्ही मिश्रणांत वेगवेगळ्या जागी येते.

ऑक्टोबर २०२२मध्ये मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी या आल्बमचे नवे स्टिरिओ मिश्रण सिद्ध केले. चित्रपटदिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने घडवलेल्या संगणकप्रणालीमुळे एकाच ट्रॅकवर एकजीव झालेली वाद्ये सुटी करता आली. त्यासोबतच्या संचात ‘एलेनॉर रिग्बी’च्या ध्वनिमुद्रणातले संभाषणही आहे: चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो वाजवणारे आठ वादक समोर बसले आहेत, आणि सूर कंपनासह लावायचे की सरळ, याची चाचणी चालली आहे. आपल्याला पाठ असलेला तो कोरडा, धारदार नाद एका निवडीतून आला, हे त्या क्षणी कानांना कळते, आणि अशा क्षणांसाठी मी या नव्या संचाचा मनापासून ऋणी आहे.

मला मात्र सर्वाधिक वेळ थांबवून ठेवते ते ‘लव्ह यू टू’. एप्रिल १९६६मध्ये मुद्रित झालेल्या जॉर्ज हॅरिसनच्या या गाण्यात तबला वाजवला आहे अनिल भागवत यांनी. ते लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेमार्फत ध्वनिमुद्रणासाठी आले होते, आणि मराठी कानाला ओळखीचे वाटणारे त्यांचे नाव आल्बमच्या मलपृष्ठावर छापलेले आहे. तंबोऱ्याची साथ करणाऱ्या वादकाला तो मान मिळाला नाही, याची खंत वाटते. आरंभी सतारीचा लयमुक्त, छोटासा आलाप होतो, मग गत सुरू होते आणि तबला येतो. तरुणपणी मी हे गाणे कॅसेटवर ऐकले तेव्हा तबला मला केवळ ठोक्यांची एक गडद पट्टी वाटला होता. नव्या मिश्रणात डग्ग्याची घुमारेदार मींड आणि चाटेवरचे, म्हणजे तबल्याच्या कडेवरचे, बोल स्वतंत्र ऐकू येतात, आणि रॉकच्या सरळ ठोक्यापासून वेगळी अशी एक विचार करणारी लय गाण्याच्या तळाशी चालते आहे, हे स्पष्ट होते.

तरीही आल्बम म्हणून मी मोनोच जवळ करतो. नवे मिश्रण वादकांचे हात दाखवते, पण सतार, तंबोरा, तबला आणि मानवी आवाज एकाच बिंदूतून अंगावर येतात तेव्हा निर्माण होणारा दाब मला मोनोतच जाणवतो, आणि १९६६मध्ये त्या मंडळींनी कान देऊन तोलला तो हाच दाब. या निवडीला आणखी एक आधार आहे. गाण्याच्या शेवटी लय एकदम चढते आणि सतार व तबला द्रुतात धावत असतानाच आवाज हळूहळू विरत जातो. मोनोमध्ये हे विरणे स्टिरिओपेक्षा काही सेकंद उशिरा संपते. भागवतांच्या हातची ती जादा आवर्तने आता आपण ऐकू.