येळवशीच्या रात्रीचा मृग

येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. भज्जी-आंबील जेवून पाव्हणे-रावळे दिवस मावळताच गावाकडं परतले. मी मात्र कॅमेरा घेऊन शेतातल्या आखाड्यावरच थांबलो. लातूर जिल्ह्यातल्या या शिवारात अशा अंधाऱ्या, निरभ्र रात्रीची मी महिनाभर वाट बघत होतो.

हे मृग नक्षत्र. चार पाय, पोटात रुतलेला व्याधाचा बाण. बाणाखाली तीन अंधुक ठिपके दिसतात. त्यातला मधला तारा नाही. तो वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे, आणि त्याच्या पोटात तारे जन्माला येतायत. अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षं. हा उजेड तिथून निघाला, तेव्हा वेरूळचं कैलास लेणं अजून अख्ख्या कातळातच होतं.

नुसत्या डोळ्यांना तो राखाडी दिसतो, कारण एवढ्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाही. खरं तर कोवळ्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी तिथला हायड्रोजन तांबडा उजळलाय. साध्या कॅमेऱ्यातलं फिल्टर नेमका हाच तांबडा बराचसा अडवतं, म्हणून मी ते काढून घेतलंय.

पृथ्वी फिरते, तारे सरकतात. त्यासाठी खाली हा ट्रॅकर, ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारा. त्याचा आस ध्रुवाकडं लावायचा. आपल्याकडं ध्रुव जेमतेम १८ अंश वर, बाभळीच्या शेंड्याआड जातो. मग एकेक मिनिटाचे ९० फोटो. विहिरीत रात्रभर पाझर साठतो, तसा उजेड साठवायचा. १८८० साली अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी या ढगाचा पहिला फोटो काढला, तो ५१ मिनिटं उजेड घेऊन. ती ५१ मिनिटं मला फार जवळची वाटतात.

मध्येच पांढरा झोत आला. तात्या. या आठवड्यात शेताला लाईट रात्रीची, ते गव्हाला दारं धरत होते.

“तात्या, बॅटरी खाली धरा की जरा.”

“काय करायलास रे एवढ्या थंडीत?”

दोनच्या सुमारास लेन्सवर दव धरलं. आत येऊन लॅपटॉपवर सगळे फोटो एकावर एक रचले. काळोखातून तांबडा पंख पसरत आला. मधोमध चार पांढरे ठिपके. त्यांच्यासाठी पाच-पाच सेकंदांचे फोटो वेगळे घेतले होते, नाहीतर तिथं नुसता डाग उरतो. त्यांचं वय दहा लाख वर्षांच्या आसपास. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा.

तात्या ओल्या पायांनी दारात उभे होते.

“अजून जन्मायलेत व्हय?”

“हो तात्या. अजून.”

तिकडं गव्हाचा सारा पाण्यानं भरत आला असणार. तरी ते खाली बसले.

“पुन्हा दाखव.”