आतली बाजू

(बाळंतविडा या विषयावर वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. हे झबलं आधी मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. लांबून बघू नका, हातात घ्या. माझ्या आईने शिवलेलं आहे, पांढऱ्या मलमलीचं. मी, माझी दोन भावंडं आणि माझी मुलगी, अशा चौघांच्या अंगावर ते होतं. हातात घेतलं की बहुतेक जणी विचारतात, "हे उलटं झालंय का?" तसं नाही. शिवण मुद्दाम बाहेर ठेवली आहे. बाळाला आतली बाजू लागते, असं आई म्हणायची. आज मी जे बोलणार आहे ते सगळं या एका वाक्याभोवतीच आहे.

नवजात बाळाची कातडी फार पातळ असते. काखेत, मानेच्या वळीत शिवणीची जाड कड घासली की तिथे लाल होतं, आणि बाळ फक्त रडतं. आपण पोट दुखतंय म्हणून हिंग लावतो, दृष्ट काढतो. झबलं उलटून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून जुन्या बायका शिवण बाहेर घ्यायच्या आणि बटणांऐवजी बंद लावायच्या. बाळ दिवसभर पाठीवर निजलेलं, पाठीला बटण टोचतं, आणि सैल झालेलं बटण पुढे त्याच्या तोंडातही जातं. बंद मात्र आखूड हवेत. बोटभर लांबीत एक गाठ बसली की पुरे. लांब बंद गळ्याशी नको.

बाळाला पहिलं कापड जुनं घालायचं, ही आपल्याकडची रीत. तिच्यामागे धुण्याघासण्याचा साधा अनुभव आहे. नव्या कापडात खळ असते, रंग पक्का आहे की नाही ते कळलेलं नसतं, आणि पहिल्या धुण्यात ते आटतंही. आजीच्या लुगड्याने हे सगळं आधीच भोगलेलं असतं. पाच-दहा वर्षं धुऊन धुऊन ते इतकं मऊ होतं की दुकानातल्या कुठल्याही कापडाला तो मऊपणा येत नाही. तशा लुगड्याचे दोन थर एकावर एक ठेवायचे, चारी कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा, म्हणजे साधे सरळ टाके, घालत जायचं. झालं दुपटं. गोधडीसारखे जास्त थर नकोत, सकाळी धुतलेलं दुपटं दुपारपर्यंत वाळायला हवं. धावदोरा घालताना गाठ दोन थरांच्या मध्ये लपवायची. वर नाही, खालीही नाही. मी मुलींना शिवण शिकवताना दुपटं हातात घेतलं की आधी गाठी शोधायचे.

कुंचीची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ती मिरवायचीच वस्तू. बारशाला खणाची कुंची हवी, तिला जरीची किनार हवी, हे मलाही आवडतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण असला तर त्याची चमक काही औरच. पण त्याच जरीचे धागे आतून बाळाच्या कानाला आणि गालाला बोचतात. म्हणून कुंचीला मलमलीचं अस्तर लावायचंच, आणि ते किनारीच्या आत थांबवायचं नाही, पार कडेपर्यंत न्यायचं. लावलेले मोती, टिकल्या मागच्या झालरीवर असू द्यात, तोंडाजवळ नकोत. बारसं झालं की कुंची काढून ठेवायची.

आता लोकर. इथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून घडू नये असं मला मनापासून वाटतं. माझ्या मैत्रिणीला मुलगा झाला तेव्हा मी दोन रंगांचे मोजे विणले होते, चार सुयांवर, पांढऱ्यावर निळी चांदणी. दोन रंगांनी विणताना जो रंग वापरात नसतो त्याचा धागा आतून मोकळा पळतो. बाहेरून चांदणी सुरेख दिसत होती. तिसऱ्या दिवशी बाळ रडायचं थांबेना, तेव्हा तिच्या सासूबाईंनी मोजा ओढला. आतला धागा अंगठ्याशेजारच्या बोटाला गुंडाळला गेला होता. बोट जांभळं पडलं होतं. धागा लगेच कापला म्हणून निभावलं. असा धागा किंवा केस बोटाला आवळून रक्त अडतं, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. विणणाऱ्या बायकांना मात्र ते फार कमी जणी सांगतात. तेव्हापासून मी बाळाचे मोजे एकरंगी विणते, टोकं सुईने आत नीट ओवून घेते, आणि देण्याआधी मोजा उलटा करून त्यात स्वतःचं बोट फिरवते. जाळीचा नमुनाही हातमोज्यांना आणि शालीला नको. बोटं भोकांत अडकतात.

मापाचं गणित मात्र बायका मनावर घेत नाहीत. 10 नंबरच्या सुईवर 4 प्लायच्या, म्हणजे चार पदरी, लोकरीचे 10 सेंटीमीटरमध्ये साधारण 28 टाके बसतात. माझा हात सैल असेल आणि 26 बसले, तर 40 सेंटीमीटरची टोपी म्हणून घातलेले 112 टाके 43 सेंटीमीटर भरतात. टोपी डोळ्यांवर उतरते. म्हणून आधी चौकोनी नमुना विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग टाके मोजायचे. दुसरं, महिने मोजा. जन्मतः डोक्याचा घेर साधारण 34 सेंटीमीटर, सहाव्या महिन्यात 42-43. वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट झालेलं असतं. पुण्यात एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळाला थंडी लागते ती आठव्या महिन्यात, आणि बाळंतविड्यात येतात नवजात मापाचे सहा स्वेटर! ते एकदाही अंगाला न लागता कपाटात जातात. परदेशातल्या भाचीसाठी विणत असाल तर तिथला ऋतू विचारा. आणि धुण्याची चिठ्ठी सोबत द्या. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते, ॲक्रिलिकला गरम इस्त्री लागली की ते वितळतं.

झोपेबद्दल एक सांगते, जुन्या मंडळींना ते रुचत नाही तरी. वर्षाखालच्या बाळाच्या अंथरुणात मोकळी शाल, उशी, विणलेली बाहुली ठेवू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरात झोपताना टोपीही नको, बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं. आपली शाल बाळ जागं असताना, मांडीवर असताना, बाहेर नेताना वापरायची. त्यात तिचा अपमान नाही.

अगदी लहान, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वेगळं आहे. त्यांना टोपी लागतेच. कोलंबियात बोगोटा शहरात 1978 साली डॉक्टर एद्गार रेय यांनी अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, कारण बाळाला ऊब देणाऱ्या काचपेट्या (इनक्यूबेटर) पुरत नव्हत्या. आज आपल्याकडेही कांगारू पद्धत म्हणून ती चालते. बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी, एवढंच. दीड किलोच्या बाळाचं डोकं 28 सेंटीमीटरच्या आसपास असतं. मी अशा टोप्या विणते तेव्हा दोन सुलट दोन उलट टाके घालते, म्हणजे त्या ताणतात, आणि लहानसा सोललेला नारळ घेऊन त्यावर चढवून बघते. द्यायच्या आधी रुग्णालयात विचारून घ्यावं, कुठली लोकर चालेल आणि ती कशी धुतली जाईल.

मैत्रिणींसाठी काय करावं, असं संयोजकांनी विचारलं होतं. रुमाल, पिशव्या, क्रोशाचे टेबलक्लॉथ, ते तुम्ही करताच. मला सांगायचीय ती एकच टोपी. माझ्या मैत्रिणीची केमोथेरपी सुरू झाली, केस गेले. लोकर तिला सहन होईना, डोकं नुसतं हुळहुळं झालेलं. मी सुती धाग्याची टोपी विणली, शेंड्याची शिवण बाहेर घेतली आणि तिच्यावर चापून एक पान विणून बसवलं. तिने टोपी घेतली, आधी उलटी केली, आतून सगळीकडे तळवा फिरवला आणि मग घातली. पुढच्या आठवड्यात तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या डोक्याचं माप दोऱ्याला गाठ मारून पाठवलं. मी पट्टीवर धरलं, 54 सेंटीमीटर भरलं.