वाफ आटली, सांडपाणी धावून आलं

(दृश्य: कोरड्या टेकड्या, वळणं घेत गेलेले जाडजूड पाइप, मागे कूलिंग टॉवर.)

निवेदन:
कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला ‘द गीझर्स’ हे जगातलं सर्वांत मोठं भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारं, वीजक्षेत्र आहे. इथल्या विहिरींतून गरम पाणी येत नाही, थेट कोरडी वाफ येते आणि पाइपातून टर्बाइनवर जाते. १९६० मध्ये ११ मेगावॅटच्या एका संचापासून सुरुवात झाली. ऐंशीचं दशक संपता संपता क्षमता २,००० मेगावॅटच्या घरात गेली. कंपन्या अनेक, खालचा साठा मात्र एकच. जो तो उपसत सुटला.

मग विहिरी मंदावू लागल्या. नवी विहीर खोदावी, तर शेजारचीचा दाब उतरायचा. टर्बाइन तयार, पण वाफ पुरेना.

खडक थंड झाला होता का? नाही. तो तसाच, २४० अंशांच्या आसपास तापलेला. आटलं होतं ते पाणी. टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पाणी व्हायचं, पण त्यातलं बहुतेक कूलिंग टॉवरवाटे हवेत उडून जायचं. वरचा पाऊस इतक्या खोल मुरत नाही. नुसता खर्च चालला होता, जमेची बाजू जवळपास कोरी.

(दृश्य: सांडपाणी प्रक्रिया केंद्र, मग डोंगर चढणारी पाइपलाइन.)

त्याच सुमाराला सांता रोझा शहराला वेगळीच चिंता होती. प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडायचं कुठे? ‘रशियन रिव्हर’ या तिथल्या नदीत सोडण्यावर निर्बंध होते. १९९७ मध्ये लेक काउंटीचं सांडपाणी गीझर्सवर आलं, २००३ मध्ये सांता रोझाचं. सुमारे ६४ किलोमीटरची पाइपलाइन, ९०० मीटरची चढण, रोज चार कोटी लिटर. एवढं पाणी वर चढवायलाही वीज लागते, हे विसरून चालणार नाही.

(दृश्य: विहिरीचं तोंड, अगदी जवळून. गंजलेला व्हॉल्व्ह, थरथरणारा काटा.)

हे पाणी जमिनीखालच्या साठ्यात ओतण्यासाठी बऱ्याचदा वाफ कमी देणारी जुनीच विहीर निवडतात. खाली दाब इतका कमी, की पाणी ढकलावं लागत नाही. ते आपल्या वजनानेच खाली जातं, तापल्या खडकाच्या भेगांत शिरतं आणि त्याची वाफ शेजारच्या विहिरीतून वर येते. कुठलं पाणी कुठे निघालं, हे पाहायला त्यात ट्रिटियमसारखे माग काढणारे पदार्थ मिसळतात. माप चुकवून एकाच जागी फार ओतलं, तर शेजारची विहीर थंड पडते.

याला पुनरुज्जीवन म्हणणं जरा जास्तच होईल. दोन हजारांचे दिवस परतले नाहीत. उत्पादन सातशे मेगावॅटच्या आसपास टिकून आहे, घसरणीला लगाम लागला, इतकंच. आणि थंड पाणी तापल्या खडकाला भिडलं की खाली बारीक भूकंप होतात. बहुतेक फक्त यंत्रांनाच कळतात. काहींनी मात्र पायथ्याच्या वस्तीतली घरं हादरतात, आणि तिथल्या रहिवाशांची तक्रार जुनीच आहे.