सारा फेलची हिशेबाची वही

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडे वाड्याचा जमाखर्च लिहायचा तो दिवाणजींनी, नाहीतर घरच्या कर्त्या पुरुषानं. आज ज्या वहीबद्दल बोलणार आहे, ती मात्र एका बिनलग्नाच्या बाईच्या हातची. सारा फेल तिचं नाव. इंग्लंडच्या वायव्येला अल्व्हरस्टन गावाजवळचं स्वार्थमूर हॉल हे तिचं घर, आणि नोंदी 1673 ते 1678 च्या.

घर क्वेकरांचं. पाद्री न मानणारे, शपथ न घेणारे आणि समोर कितीही मोठा माणूस असो, त्याला सरळ अरे-तुरे करणारे हे ख्रिस्ती. साराचे वडील स्वतः न्यायाधीश. ते 1658 साली वारले. सहा वर्षांनी आई मार्गारेट शपथ नाकारली म्हणून लँकेस्टरच्या किल्ल्यात कैदेत पडली, ती सुटली 1668 मध्ये. तोवर शेतीवाडी आणि गडीमाणसं लेकींच्या अंगावर. सारा तेव्हा विशी-पंचविशीतली.

वहीत काय नाही? मजुरी, बाजार, बहिणींचे खर्च, गोरगरिबांना दिलेले पैसे, शिवाय एका लोखंडाच्या भट्टीचा व्यवहार! बारा पेन्सांचा एक शिलिंग. बारा पैंचा आणा मोजलेल्या आपल्या आजीला हे सहज उमगलं असतं. तारखा मात्र कोड्यात टाकतात. मार्चला तिथे ‘पहिला महिना’ म्हणत. परधर्माच्या देवांवरून पडलेली नावं क्वेकरांना तोंडीसुद्धा नको असत.

‘बिचारी लग्नाची राहिली,’ असं कुणी हळहळेल. पण तेव्हाचा इंग्रजी कायदा बघा: लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याचा, आणि तिला स्वतःच्या नावानं करारही करता येत नसे. बिनलग्नाच्या सज्ञान बाईला येत असे. मला तर वाटतं, एवढा कारभार साराच्या हाती राहिला त्याचं निम्मं कारण हेच.

आणखी एक गंमत. 1671 पासून स्वार्थमूरला क्वेकर बायकांची दरमहा बैठक भरू लागली. गरीब बायकांना मदत करायची, आणि लग्न ठरवलेल्या जोडप्याला समोर बोलावून आधी कुठे शब्द गुंतलेला नाही ना, याची चौकशी करायची. या बैठकीच्या कामात सारा पुढे असे. बिनलग्नाची बाई दुसऱ्यांची लग्नं पारखणार!

1681 साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, लंडनचे व्यापारी विल्यम मीड यांच्याशी तिचं लग्न ठरलं. चौकशीचा नियम तिलाही होताच.